ढोलाला शत्रू ठाऊक नसतो

मुंबई-गोवा महामार्गावरचे सावर्डे हे चिपळूण तालुक्यातले गाव. एरवी ते ओळखले जाते ते बाजारपेठेमुळे, शाळा-महाविद्यालयांमुळे आणि कोकण रेल्वेच्या स्थानकामुळे. शिमग्यात मात्र त्याची ओळख वेगळीच असते. इथे ‘होल्टेहोम’ खेळतात. होल्टा म्हणजे जळते लाकूड. गावकरी दोन बाजूंना समोरासमोर उभे ठाकतात आणि पेटलेली लाकडे एकमेकांच्या दिशेने भिरकावतात. ढोल-ताशे घुमत असतात, बोंबा चाललेल्या असतात, ठिणग्या उडत असतात. परगावच्या माणसाने हे पहिल्यांदा पाहिले तर गावात मोठी हाणामारी जुंपली आहे, कोणीतरी पोलिसांना बोलवायला हवे, असेच त्याला वाटेल. पण ठरलेला खेळ ठरल्यावेळी संपतो आणि घटकेपूर्वी एकमेकांवर विस्तव फेकणारे हात त्याच शिमग्यात एकाच पालखीखाली येतात. मग त्या ढोलाने नेमके काय केले? त्याने भांडण पेटवले म्हणावे, तर भांडण उरले कुठे? आणि काहीच केले नाही म्हणावे, तर ढोलाशिवाय हा खेळ रंगला असता का?

रक्त तापवणाऱ्या संगीताबद्दल आपल्याकडे दोन मते चालतात. तुतारी, हलगी, पोवाडा यांनी मर्दपणा जागा होतो, मुर्दाडाच्याही अंगात वीरश्री संचारते, असे एक मत. असल्या कर्कश संगीताने तरुण मुले बिथरतात, मारामाऱ्या होतात, म्हणून ते बंद करावे, असे दुसरे. पहिले कौतुकाने बोलते आणि दुसरे काळजीने, पण दोघांचेही गृहीत एकच आहे. भांड्यात पाणी ओतावे तसे संगीत माणसात लढाऊपणा ओतते, असे दोघेही धरून चालतात. उपलब्ध पुरावा पाहता हे गृहीतच तपासून घ्यावे लागते. आक्रमक संगीत अंगात जोर आणते आणि अनेक अंगांचा जोर एका ठेक्यात बांधते, एवढे नक्की. हा जोर कोणावर काढायचा, किती काढायचा आणि कधी थांबायचे, हे मात्र त्या संगीतात नसते. ते रिवाजात असते, शब्दांत असते, जागेत असते आणि वाजवणाऱ्याच्या हातात असते.

आधी जोर कसा येतो ते पाहू. हलगी घ्या. साधारण फूटभर व्यासाचे कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात लांब बारीक काडी आणि दुसऱ्या हातात आखूड टिपरू. वाजवण्याआधी ती शेकोटीवर तापवतात, म्हणजे कातड्यातला दमटपणा जातो, ते ताठ होते आणि आवाज टणत्कारासारखा फुटतो. या आवाजाला चढण नसते. शांततेतून तो एकदम शिखरावर जातो. अचानक फुटणाऱ्या आवाजाला दचकणे हा शरीराचा जुना धर्म आहे. विचार करायच्या आत स्नायू आवळतात आणि छातीचे ठोके वाढतात. ताशाची तडतड आणखी एक काम करते. आवाज सेकंदाला तीसपासून दीडशेपर्यंत वेळा कमी-जास्त होत राहिला की कानाला तो खरखरीत लागतो. माणसाच्या किंकाळीत नेमका हाच खरखरीतपणा असतो आणि तो ऐकताच मेंदूतला धोक्याची दखल घेणारा भाग जागा होतो, हे ल्युक आर्नाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले. इलेक्ट्रिक गिटारचा फाटका सूर किंवा गायकाने घशातून काढलेली गुरगुर याच जातीची. शिवाय ठेका नियमित असला की पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज शरीर आधीच बांधू लागते. माणूस स्तब्ध बसून नुसता ताल ऐकत असला, तरी हालचालींशी संबंधित असलेले मेंदूचे भाग कामाला लागलेले दिसतात. ‘पाय आपोआप थिरकायला लागले’ हे आपले म्हणणे शब्दशः खरे आहे.

पण एकटा माणूस थिरकून लढाई होत नाही. संगीताची खरी ताकद दिसते ती अनेकांची पावले एकत्र पडू लागली की. ऑक्सफर्डच्या नौकापटूंवर झालेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. या खेळाडूंनी वल्हवण्याच्या यंत्रावर सारखेच कष्ट केले, एकदा एकट्याने आणि एकदा संघासोबत एका लयीत. त्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली, तेव्हा एकत्र वल्हवल्यानंतर ती बरीच अधिक भरली. २०१४ साली डॅनियल फेसलर आणि कॉलिन होलब्रुक या संशोधकांनी पुरुषांना दोन प्रकारे चालवले. काहींना सोबत्याच्या पावलाशी पाऊल जुळवून आणि काहींना सुटे-सुटे. मग त्यांना एका रागीट माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र दाखवून तो अंगापिंडाने केवढा असेल, असे विचारले. जे पावले जुळवून चालले होते त्यांना तो माणूस लहान आणि कमी ताकदीचा वाटला. त्यांच्या दंडात वेगळे बळ आलेले नव्हते, समोरचाच छोटा झाला होता. लढाईला निघालेल्या माणसाला याहून मोठी मदत कोणती? इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी सैनिकी कवायतीवर आणि सामूहिक नाचावर १९९५ साली एक पुस्तकच लिहिले. तासन्‌तास एका ठेक्यात हालचाल केल्याने ‘मी’ विरघळून ‘आम्ही’ होतो आणि सैन्ये त्यावर उभी राहतात, हा त्याचा गाभा.

इथे एक बारकावा सुटू नये. असे बांधले गेलेले लोक रागावलेले असतात असे नाही. इसवी सनापूर्वी ४१८ साली मँटिनियाच्या लढाईत स्पार्टाचे सैनिक बासरीसारख्या वाद्यांच्या तालावर सावकाश पुढे सरकले. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज याने त्याचे कारणही नोंदवून ठेवले आहे. हे वादन देवधर्मासाठी नव्हते. पावले सारखी पडावीत आणि चालून जाताना रांग फुटू नये यासाठी ते होते. लढवय्येपणासाठी सर्वात गाजलेले हे सैन्य, आणि त्याचे रणवाद्य माणसे भडकवण्यासाठी नव्हे तर आवरून धरण्यासाठी! आपल्याकडचा नगाराही मुख्यतः हुकूम होता. कूच कधी, मुक्काम कुठे, दरवाजा कधी उघडायचा, हे तो सांगे. रायगडावरच्या नगारखान्याची भव्य इमारत रागाचे स्मारक म्हणून उभी नाही. ती राज्याच्या शिस्तीची आणि इभ्रतीची खूण आहे.

जोर आला, माणसे बांधली गेली, तरी दिशा ठरत नाही. याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्या घराघरांत आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात शंख, भेरी, पणव, आनक, गोमुख ही वाद्ये एकदम वाजू लागतात. पांचजन्य आणि देवदत्त फुंकले जातात आणि त्या घोषाने आकाश व पृथ्वी दणाणतात. ज्ञानेश्वरांनी तर हा कल्लोळ आणखी विस्ताराने रंगवला आहे. याहून मोठे रणसंगीत कोणते असणार? आणि लगेच पुढे काय घडते? ज्याने स्वतः देवदत्त फुंकला तोच अर्जुन समोरचे आजोबा, गुरू, भाऊबंद पाहतो, त्याच्या अंगाला कंप सुटतो आणि हातातले गांडीव गळून पडते. शंखध्वनीने त्याला लढवले नाही. लढायला त्याला अठरा अध्यायांचा संवाद लागला. कथा म्हणून पाहिली तरी तिची मानसिक जाण अचूक आहे. रणवाद्यांनी अंगात आलेली खळबळ लढण्याकडे वळेल तशी रडण्याकडेही वळू शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७१ पासून हीच गोष्ट प्रयोगांतून मांडली. व्यायाम, चित्रपट, आवाज अशा कोणत्याही कारणाने शरीरात उठलेली उत्तेजना लगेच विरत नाही. ती काही काळ रेंगाळते आणि पुढे जी भावना समोर येईल तिला जाऊन मिळते. कोणी डिवचले तर राग दुप्पट होतो, कोणी हसवले तर हसू दुप्पट येते. उत्तेजनेला स्वतःचा पत्ता नसतो, बाहेरचे कोणीतरी तो लिहितो.

महाराष्ट्राच्या परंपरेत हा पत्ता फार विचारपूर्वक लिहिलेला दिसतो. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमके आणि कैताळ यांचा ताफा असतो. मल्ल आधी एकमेकांच्या हाताला हात लावून सलामी देतात. खडाखडी सुरू असते तोवर हलगी जरा सबुरीने चालते. पट पडला, पकड बसली की ती चढते आणि कुस्ती निकाली झाली की तिचा बाजच पालटतो, ती विजयाची होते. हलगीवाल्याची नजर मल्लांवर असते. वादन कुस्तीच्या मागे चालते आणि कुस्ती पंचांच्या हुकुमात चालते. रत्नागिरी जिल्ह्यात गाजणारा शक्ती-तुऱ्याचा सामना पाहा. जाखडी नाचाचे दोन संघ, एक शक्तीवाला आणि एक तुरेवाला, ढोलकी-मृदंगाच्या आणि चाळांच्या दणक्यात रात्रभर एकमेकांना गाण्यातून आव्हान देतात, प्रतिपक्षाला कोंडीत पकडतात, झोंबणारे बोलतात. हल्ला पुराच असतो, पण हत्यार शब्दाचे आणि उत्तरही शब्दानेच द्यायचे. सुरुवात गणाने, म्हणजे देवाला वंदन करूनच व्हायची. पोवाड्याचे तर वेळापत्रकच बोलके आहे. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर रचलेला पोवाडा असो वा तुळशीदासाचा सिंहगडावरचा, दोन्ही त्या-त्या प्रसंगानंतरचे आहेत. त्यांनी आधी होऊन गेलेल्या पराक्रमाला अर्थ दिला. त्यातून पुढच्या पिढीला कोणासारखे व्हावे हे कळले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाने मैदानेच्या मैदाने पेटली. त्या आंदोलनात दगडफेक झाली, गोळीबार झाले, माणसे मेली, हेही खरेच आहे. पण त्या पेटलेल्या गर्दीपुढे संयुक्त महाराष्ट्र समितीने सत्याग्रहाची आणि १९५७ च्या निवडणुकीची वाट ठेवली होती, म्हणून शाहिरांनी उठवलेला जोर मोठ्या प्रमाणात मतपेटीपर्यंत पोचला आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले.

यावर पहिला आक्षेप शास्त्राच्या आधारेच घेता येतो. क्रेग अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली पाच प्रयोग प्रसिद्ध केले. पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांनी हिंसक शब्दांची आणि साध्या शब्दांची गाणी ऐकवली. हिंसक गाणी ऐकणाऱ्यांच्या मनात वैराच्या भावना आणि आक्रमक विचार अधिक आढळले. मग संगीत निर्दोष कसे म्हणायचे? हा निष्कर्ष मी नाकारत नाही, पण तो नीट वाचायला हवा. फरक पाडला तो शब्दांनी, कारण संगीताचा प्रकार शक्य तितका सारखा ठेवलेला होता. परिणाम मोजला तो ऐकल्यावर लगेच, आणि मोजल्या त्या भावना व विचार. हाणामारी कोणी केली नव्हती. याच्या शेजारी आणखी दोन अभ्यास ठेवावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली अतिकर्कश मेटल संगीताच्या ३९ चाहत्यांना आधी त्यांच्या आयुष्यातले राग येणारे प्रसंग आठवायला लावून चिडवले. मग काहींना त्यांचे आवडते संगीत ऐकू दिले आणि काहींना नुसते शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांच्या छातीचे ठोके वाढलेलेच राहिले, पण राग वाढला नाही. शांत बसणाऱ्यांइतकाच तो उतरला आणि वर हुरूप आला. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाहिले की, माणूस खाणाऱ्यांवरची गाणी आवडीने ऐकणारे चाहतेही हिंसेच्या चित्रांनी इतरांइतकेच विचलित होतात. त्यांची संवेदना बोथट झालेली नव्हती. परक्या कानाला जो हल्ला वाटतो, तो सवयीच्या कानाला आनंद असतो. एकाच आवाजाचे दोन कानांवर दोन परिणाम होत असतील, तर कारण निव्वळ आवाजात शोधून भागणार नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो शिमग्याचे कौतुक करणाऱ्यांना फार आवडतो. वर्षभराचा साचलेला राग या ढोलांत, बोंबांत आणि होल्ट्यांत वाहून जातो, मनाचा निचरा होतो, म्हणून गावे शांत राहतात, असे म्हणतात. ऐकायला हे छान आहे, पण पुरावा याच्या विरोधात जातो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, चिडलेल्या माणसांपैकी काहींना ज्याने चिडवले त्याचा विचार करत गुद्द्यांच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले. त्यांचा राग निवला नाही, उलट सर्वांत जास्त राग आणि आक्रमकता त्यांच्यातच उरली. स्वस्थ बसलेले अधिक निवळले. तेव्हा होल्टेहोम हा गावाच्या रागाची मोरी आहे, असे समजू नये. खेळणाऱ्यांच्या मनात समोरच्याविषयी वैर नसते, म्हणूनच तो खेळ राहतो. खरे वैर मनात धरून कोणी त्या रांगेत उभा राहिला, तर तोच ढोल त्याच्या वैराला जोर पुरवील. निचरा ढोल करत नाही. ‘हा खेळ आहे’ हा गावाचा करार राग येऊ देत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात खरे रक्त सांडलेले आहे. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली आणि त्यानंतरच्या काळात मशिदीवरून वाद्ये वाजवत मिरवणूक न्यायची की नाही, हा वाद महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा पेटला. इथे तर वाद्यच भांडणाचे कारण होते! पण विचार करा, तोच ताफा तेच वाजवत चार गल्ल्या अलीकडे होता तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. भांडण ठेक्याचे नव्हते, रस्ता कोणाचा याचे होते. वाद्य हे त्या दाव्याचे निशाण झाले होते. रवांडाचे उदाहरण याहून भीषण आहे. १९९४ च्या नरसंहाराच्या काळात तिथल्या आकाशवाणीवरून सिमोन बिकिंडी या लोकप्रिय गायकाची गाणी वाजत होती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली. मात्र ती गाण्यांसाठी नव्हती. गाडीवर ध्वनिक्षेपक लावून त्याने तुत्सी जमातीच्या लोकांना ठार मारण्याची उघड चिथावणी दिली, त्यासाठी होती. गाण्यांमधून वांशिक द्वेष जोपासला गेला हे न्यायाधीशांना दिसत होते, पण गुन्ह्याची रेघ त्यांनी ओढली ती, कोणाला मारायचे हे सांगणाऱ्या शब्दांवर. यातून संगीत सुटले असे मी म्हणत नाही. २०१२ साली स्कॉट विल्टरमथ यांच्या प्रयोगात, पुढाऱ्याशी पावले जुळवून चाललेली माणसे त्या पुढाऱ्याच्या सांगण्यावरून किडे मारायला अधिक सहज तयार झाली. म्हणजे ताल माणसाला आज्ञाधारक करतो आणि आज्ञा वाईट असेल तर तालही त्या पापाचा भागीदार होतो. धोका ढोल आणि हुकूम यांच्या युतीत आहे.

मग आजच्या मिरवणुकांचे काय? मागच्या काही वर्षांत ढोल-ताशांच्या जागी ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. त्यांचा जोर अफाट आहे. कानाला ऐकूही न येणारे अतिखर्जातले ध्वनी सोडले, तर नाचणाऱ्यांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढते, असे कॅनडातल्या एका संगीत कार्यक्रमात केलेल्या मोजणीत २०२२ साली आढळले. आपल्या नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीत ती कुठल्या कुठे मागे पडते. कानांचे आणि हृदयाचे नुकसान हा तर मोठा विषय आहेच, पण या लेखाच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे. हलगीवाला कुस्ती पाहत असतो. ढोलकरी पालखीकडे, नाचणाऱ्यांकडे, गावच्या मानकऱ्यांकडे पाहत असतो. कोणी तोल सोडला, धक्काबुक्की झाली, तर त्याचा हात थांबतो. तो स्वतःही दमतो आणि त्याच्या दमण्यातच गर्दीला श्वास मिळतो. ध्वनिक्षेपकाची भिंत कोणाकडे पाहत नाही आणि ती दमतही नाही. ठेक्याने बांधलेली, उत्तेजनेने भरलेली हजार माणसे अरुंद रस्त्यावर उभी आहेत, कोणाचा तरी धक्का कोणाला तरी लागला आहे आणि ठेका तसाच चालू आहे, हा प्रसंग भांडणाचा खरा जन्मदाता. गाणे कोणते लागले आहे, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो.

म्हणून आक्रमक संगीताची भीती बाळगणाऱ्यांनी आणि त्याचा गर्व मिरवणाऱ्यांनीही आपला प्रश्न बदलावा. काय वाजते आहे, एवढेच विचारून भागत नाही. खेळाची हद्द कोणी आखली आहे, समोरचा आपला गडी आहे की शत्रू हे कोण सांगते आहे आणि वाजवणे थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारावे. सावर्ड्यात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावाने आधीच ठरवून ठेवलेली असतात, म्हणून तिथे विस्तव हातात देऊनही भागते. ज्या मिरवणुकीपाशी ही उत्तरे नाहीत, तिथे साधी टाळीसुद्धा जपूनच वाजवलेली बरी.